तिसऱ्या मजल्याच्या खांबावरून

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. एका मोठ्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, खांबाला चिकटून मी बावीस वर्षं काढली. तळहाताएवढा माझा जीव, पण मजला किती गार ठेवायचा हे मीच एसीच्या यंत्रांना कळवायचो. त्याचा मला थोडा तोराही होता.

ती यंत्रं सांभाळायला तळघरात ऑपरेटर काका होते. रोज सकाळी ते जिने चढून वर यायचे, माझ्या शेजारी काचेचा तापमापक धरायचे आणि दोघांचे आकडे ताडून पाहायचे. "बरोबर आहेस रे बाबा," म्हणत माझ्यावरची धूळ बाहीने पुसायचे. एवढं कौतुक मला पुरे होतं.

पुढे तळघरात संगणक आला. "सगळे आकडे पडद्यावर दिसतात, उगाच कशाला जिने चढता?" साहेब म्हणाले. काकांचे गुडघेही कुरकुरत होते. फेरी बंद झाली.

त्याच सुमारास टपाल सांभाळणाऱ्या ताईंचं टेबल माझ्या खांबापाशी आलं. ताईंना थंडी जरासुद्धा सोसत नसे. त्यांनी घरून छोटा हीटर आणला आणि माझ्या बरोबर खाली ठेवला. मला ऊब लागली. मजला तापलाय, असं मी खाली कळवलं. यंत्रं आणखी गार हवा सोडू लागली. ताई आणखी कुडकुडल्या, त्यांनी हीटर वाढवला. मी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. सगळा मजला स्वेटर घालून बसला आणि काकांच्या नावाने खडे फोडू लागला. पडद्यावरचा माझा आकडा पाहून काकांना मात्र मजला तापलेलाच वाटत होता. मी खोटं बोलत नव्हतो, तरी माझ्यामुळेच हे घडत होतं.

दोन महिने यंत्रं धापा टाकत चालली आणि एक दिवस मुख्य यंत्र जळालं. "तुम्हाला कामावर ठेवायचं की नाही, ते आज ठरेल," साहेबांनी काकांना बजावलं. काका तापमापक घेऊन वर आले. हीटर दिसताच त्यांच्या सगळं लक्षात आलं.

काकांनी प्लग काढला. "ताई, हा इथे नका ठेवू," एवढंच म्हणाले. साहेबांना त्यांनी सांगितलं, "चूक माझी. मी फेरी सोडली." हीटर आपला होता, हे ताईंनी साहेबांना सांगितलं नाही. काकांना घरी बसवलं. जाताना काका तापमापक ताईंच्या टेबलावर ठेवून गेले.

आता समोरच्या भिंतीवर नवा थर्मोस्टॅट आहे. माझी तार तोडली, मला खांबावरून काढायचं मात्र राहूनच गेलं. ताई रोज सकाळी काकांचा तापमापक त्या नव्याशेजारी धरतात. परवा आकडे जुळेनात. त्यांनी तळघरातल्या नव्या ऑपरेटरला फोन लावला.

"पडद्यावर तर ठीक दिसतंय, ताई," पलीकडून उत्तर आलं.

"दिसू दे. तुम्ही वर या," ताई म्हणाल्या, आणि तो माणूस येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, आमच्या आकड्यांवर जरूर विश्वास ठेवा, पण अधूनमधून आमच्यापाशी येत जा. आम्हाला काय लागतंय, तेवढंच आम्ही सांगू शकतो. आमच्या खाली काय ठेवलंय, ते तुम्हालाच बघावं लागेल.