टाळ्याला टोपी

ताईच्या धाकट्या भावाने आयुष्यात कधी टोपी घातली नव्हती. लहानपणी कडाक्याच्या थंडीत आई कानटोपी घेऊन मागे धावायची आणि हा पठ्ठ्या पुढे पळायचा. मोठेपणी टक्कल पडायला लागलं तेव्हा बायकोने चांगली महागाची टोपी आणून दिली, तर तिच्यात त्याने कांदे ठेवले. आणि आता त्याच्याच स्मरणार्थ होणाऱ्या कार्यक्रमात, रंगमंचाच्या मधोमध, एका रिकाम्या खुर्चीवर काळी, रुंद काठाची, लाल फीत लावलेली टोपी विराजमान होती. तिच्यावर वरून एकच पिवळा दिवा सोडला होता.

“ही कुणाची?” ताईने विचारलं.

“त्याची,” सॅक्सोफोनवाला म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून घाईघाईने पुढे बोलला, “म्हणजे, प्रतीक म्हणून.”

“मग कांदे ठेव.”

ताई गाडी चालवायला शिकवते. घाबरलेल्या माणसांच्या शेजारी दिवसभर बसायचं आणि त्यांनी कुणाच्या अंगावर गाडी घालायच्या आत ओरडायचं, हा तिचा धंदा. त्यामुळे मनातलं ओठांवर यायला तिला वेळ लागत नाही. आणि या सॅक्सोफोनवाल्याला तर ती त्याला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून ओळखत होती. त्याच्या वाद्याला ती भोंगा म्हणायची, आणि पुढे पुढे त्यालाही. भोंग्याची आणि तिच्या भावाची दोस्ती जुनी. एकाचं जॅझ, दुसऱ्याचं फ्लामेंको. दोघांनी मिळून दोन्हींची मोट बांधली आणि त्यावर निम्मं आयुष्य काढलं.

भावाला सगळं जग टाळ्या म्हणायचं, कारण त्याचं कामच टाळ्या वाजवण्याचं. फ्लामेंको या स्पॅनिश नाचात बाई टाचा आपटते ते असंच हवेत आपटत नाही. बाजूला खुर्चीवर बसलेला माणूस टाळ्यांनी ठेका धरतो, त्यावर तिचा सगळा डोलारा उभा असतो. पण हे घरच्यांना समजावून सांगता सांगता टाळ्याच्या नाकी नऊ यायचे. “लोक तिकीट काढून टाळ्या वाजवतात, आमचं रत्न पैसे घेऊन वाजवतं,” असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. भावंडांचं भांडण झालं की आई म्हणायची, एका हाताने टाळी वाजत नाही. त्यावर हा एकाच हाताची बोटं त्याच तळव्यावर आपटून खणखणीत वाजवून दाखवायचा. भांडण तिथेच संपायचं, कारण आईला हसू यायचं. जड पिशवी उचलायची वेळ आली की मात्र हातांना जपायचं निमित्त सांगून स्वारी नामानिराळी.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो दात घासता घासता बेसिनपाशी कोसळला, आणि डॉक्टर यायच्या आत गेलासुद्धा. ना आजार, ना निरोप. ताई त्या दिवसापासून रागावलेली होती, पण रागवायचं कुणावर हेच तिला कळत नव्हतं. आज टोपीने तेवढी सोय केली.

दुपारी रंगीत तालीम सुरू झाली. ताई पहिल्या रांगेत बसली. तिची भावजय, म्हणजे टाळ्याची बायको, लाल झग्यात रंगमंचावर आली. गेली कित्येक वर्षं ती नवऱ्याच्या टाळ्यांवरच नाचत आली होती. मागे बासवाले काका आपल्या माणसाएवढ्या वाद्याला मिठी मारून उभे होते. आणि मग स्पीकरमधून टाळ्या सुरू झाल्या.

ताईच्या अंगावर काटा आला. ते हात तिच्या भावाचेच होते. तसा कोरडा, चटका लावणारा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिचे डोळे भरून आले, आणि टोपीचा गुन्हा ती जवळजवळ माफ करणार होती.

“त्याचीच आहे,” भोंगा शेजारी येऊन हळूच म्हणाला. “जुन्या रेकॉर्डिंगमधून काढली. एक टाळी इतकी सुंदर सापडली ताई, की तीच उचलली आणि अख्ख्या नाचभर लावली. एकही इकडची तिकडे व्हायची नाही.”

“एकच टाळी?”

“एकच. पुन्हा पुन्हा.”

ताईने पुन्हा ऐकलं, आणि आता तिला ते ऐकवेना. भिंतीत खिळे ठोकावेत तशा एकसारख्या टाळ्या पडत होत्या. रंगमंचावर भावजयीने हात वर नेले, मान वळवली, तिला तिथे क्षणभर थांबायचं होतं. टाळ्या थांबल्या नाहीत. तिने घाईने पाय उचलला, पुन्हा त्यांना गाठलं, पुन्हा मागे पडली.

“ट्रॅकबरोबर राहा!” भोंगा ओरडला. “दिवेसुद्धा त्यालाच बांधलेत.”

नाच संपल्यावर ताई तडक रंगपटात गेली. भावजय आरशाकडे पाठ करून बसली होती, एक बूट काढलेला, एक पायात.

“काय झालं गं? तू अशी अडखळत नाहीस कधी.”

“तो माझ्याकडे बघून वाजवायचा, ताई. मला थांबावंसं वाटलं की थांबायचा. मी दमले की जरा सावकाश घ्यायचा, मला चेव आला की अंगावर यायचा. आम्ही भांडायचो त्या नाचात, तुम्हाला माहितीये. आता ते रेकॉर्डिंग काहीच बघत नाही. मी नुसती त्याच्यामागे फरफटत जाते.”

“मग नाही म्हण की!”

“म्हटलं होतं.” भावजयीने दुसऱ्या बुटाचा पट्टा सोडला. “तर तुमचा भोंगा म्हणाला, तुला त्याच्या हातांचा आवाज नकोय का? यावर काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा प्रश्न विचारतातच कसा? ज्या बाईने त्या हातांना रोज रात्री मलम चोळलं, त्याच हातांचं नाव घेऊन तिचंच तोंड बंद करायचं! ती तरातरा बाहेर आली. भोंगा टोपीचा काठ नीट करत होता.

“मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक ऐकले होते,” ताई म्हणाली. “तू तर टाळीच सोलून आणलीस!”

“ताई, आवाज खाली.”

“कशाला खाली? आठवड्याला तीन माणसांना मी मरता मरता वाचवते, ते काय कुजबुजून? तो माणूस तिच्याकडे बघून वाजवायचा. या तुझ्या यंत्राला डोळे आहेत का?”

भोंग्याने टोपी खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. “दुःख काय ते तुम्हालाच आहे का? मी महिनोन्महिने त्याची रेकॉर्डिंग ऐकत बसलो. त्याच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही. म्हणून केलं हे सगळं. लोणी खायला नाही केलं.”

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे ताईला दिसत होतं. त्याने तिचा राग आणखीच वाढला. खोटारड्याला झोडपणं सोपं असतं. “तुला बघवत नाही, म्हणून हिने फरफटायचं?” ती म्हणाली.

भावजयीने मागून येऊन तिचा दंड धरला. “ताई, आज नको. तिकिटं गेलीत, लोक येणार आहेत. एकदा होऊन जाऊ दे. माझ्यासाठी गप्प बसा.”

माझ्यासाठी म्हटल्यावर काय करणार? ताईने शब्द दिला.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. पहिला भाग नुसत्या जॅझचा होता. लोक माना डोलावत होते आणि ताई मूग गिळून बसली होती. मग भोंगा माइकपाशी आला आणि म्हणाला, आपला मित्र आज इथेच आहे, या खुर्चीवर, आता ऐकाल ती टाळी त्याच्याच हातांची आहे. दिवे मंदावले, टोपी उजळली. ठिकठिकाणी रुमाल निघाले. ताईच्या शेजारच्या अनोळखी बाईंनी तिचा हात दाबला. “नशीबवान आहात हो. आवाज तरी राहिला.”

ताईने हात सोडवून घेतला. नशीबवान!

टाळ्या सुरू झाल्या. भावजय आली आणि नाचली. ती इतकी चांगली नाचणारी होती, की पहिला थोडा वेळ कुणाला काही कळलंच नसतं. पण ताई तिच्या मानेवरची शीर बघत होती. एके ठिकाणी भावजयीने झग्याची कड उचलली आणि ती थांबली. टाळ्या चालूच. ती पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. तिने त्या खुर्चीकडे अशा नजरेने बघितलं, की नवरा जिवंत असता तर पाणी पाणी झाला असता. टोपी ढिम्म. टाळ्या चालूच.

मग तिने झगा सोडून दिला, हात खाली घेतले आणि नुसती उभी राहिली.

लोकांना वाटलं, हेही नाचातच आहे. मागे कुणीतरी त्या टाळ्यांच्या जोडीने टाळ्या वाजवायला लागलं. मग दुसरं, मग सगळ्या रांगा. हजारभर हात त्या एका मेलेल्या टाळीच्या मागे मेंढरांसारखे चालले होते, आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती बाई मधोमध एकटी उभी होती.

दिलेला शब्द गेला खड्ड्यात. ताई उठली.

“बंद करा ते!”

ध्वनियंत्रावरच्या माणसाने भोंग्याकडे बोट दाखवलं. ताई थांबली नाही. बाजूच्या पायऱ्या चढून, चपला फटफटवत ती थेट उजेडात गेली, टोपी खाली भिरकावली आणि खुर्चीवर बसली. सभागृहातल्या टाळ्या लटपटल्या आणि विझल्या. स्पीकरमधल्या तेवढ्या राहिल्या. भोंग्याने तिच्याकडे बघितलं, भावजयीकडे बघितलं, आणि हात आडवा फिरवून खूण केली. कार्यक्रम वाचवायला की लाजेने, ते त्याचं त्याला ठाऊक.

टाळी बंद पडली. इतकी शांतता झाली, की आता आपण काय करून बसलो हे ताईला लख्ख कळलं.

“वाजवा, ताई,” भावजय म्हणाली.

“मला नाही येत गं.”

“येत नाही तशीच वाजवा.”

ताईने वाजवली. फुसकी निघाली. कुणीतरी खुदकन हसलं. तिने त्या दिशेने डोळे वटारले आणि पुन्हा वाजवली, ती जरा बरी निघाली. मग एकामागे एक, साध्या, चालल्यासारख्या. बासवाल्या काकांनी तारा सोडल्या आणि तळहाताने वाद्याच्या लाकडावर, तिच्या दोन टाळ्यांच्या मधल्या जागेत, थाप द्यायला सुरुवात केली. भावजयीची टाच पडली. ताई पायांकडे बघत राहिली आणि चुकली.

“पाय नका बघू,” नाचता नाचता भावजय म्हणाली. “खांदा बघा.”

ताईने खांदा बघितला. खांदा वर आला की ती पुढे सरकणार, मागे गेला की रेंगाळणार. हे काही फार अवघड नव्हतं. खरंतर भयंकर अवघड होतं, पण रागाच्या भरात ताईला ते उमगलं नाही. हात भाजायला लागले. भावजय चढत गेली, टाचांचा नुसता कडकडाट झाला, आणि अचानक तिचा खांदा पडला आणि सगळं थांबलं. टाच, काकांची थाप, सगळ्यांचे श्वास. आणि वेगात आलेल्या ताईने त्या शांततेत एक टाळी वाजवली. एकटी, मोठ्ठी, चुकीची.

“मेल्या!” तिच्या तोंडून निघालं.

वही फाडली की मेल्या, उशिरा आलास की मेल्या, फोन उचलला की पहिला शब्द तोच. उभा जन्म तिने भावाला ह्याच नावाने हाक मारली होती, आणि त्या सकाळपासून तो शब्द तिने जिभेवर येऊ दिला नव्हता, कारण तो खरा झाला होता. आता तो आला, आणि मागोमाग बाकीचंही आलं, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. “मेल्या, हे काम तुझं होतं!”

भावजयीने वळून बघितलं. आणि मग त्या चुकलेल्या टाळीला तिने टाचेने उत्तर दिलं. एक, जोरात. मग दुसरं. जणू ती टाळी तिथेच पडायची होती आणि ती मघापासून तिचीच वाट बघत होती. तिने हनुवटी उडवली, चला पुढे. ती हसत होती. भोंगा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. जरा वेळाने तिथूनच त्याचा भोंगा अगदी खालच्या पट्टीत त्यांच्यात येऊन मिसळला.

लोक उभे राहिले आणि हव्या तशा, वाटेल त्या वेळी टाळ्या वाजवायला लागले. ताईचे तळवे लालबुंद झाले होते, गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. ती सगळ्यांवर रागावलेली होती, भोंग्यावर, लोकांवर, आणि सगळ्यात जास्त त्या पळपुट्या भावावर. पण भावजय अजून थांबली नव्हती, म्हणून ती वाजवत राहिली.