परवान्याची बारावी ओळ

आल्बच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर अकरा ओळींचा परवाना होता, आणि त्या अकरा ओळींपायी इर्मेला आणि गेर्नोट हाबरकोर्न यांचं लग्न व्हायच्या आधीच मोडायची वेळ आली होती. आल्ब म्हणजे त्या दोघांनी कार्ल्सरूहमध्ये, विद्यापीठाजवळच्या भाड्याच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. शहरातून वाहणाऱ्या नदीचं नाव तिला दिलं, कारण दुसरं कुठलंच नाव दोघांना एकदम पटेना. सोर्स कोड सगळ्या जगाला फुकट द्यायचा, यावर मात्र एकमत होतं. भांडण होतं ते घेणाऱ्याने पुढे कसं वागायचं, यावर.

इर्मेलाने बारावी ओळ लिहिली होती. जो कोणी यात बदल करून पुढे देईल, त्याने आपले बदलही असेच सर्वांसाठी उघडे ठेवावेत. गेर्नोटने ती खोडली.

"द्यायचं आणि दोरी आपल्या हातात ठेवायची, याला देणं म्हणत नाहीत," तो म्हणाला.

"अरे, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे काय कमी आहेत जगात? घेतील, वर कुलूप लावतील आणि विकतील."

"विकू देत. त्यांच्या दाराला कुलूप लागेल, आपलं दार उघडंच आहे."

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो बटर लावलेले खारे ब्रेत्सेल-पाव घेऊन आला आणि समोर बसून राहिला, तेव्हा तिने हात टेकले. माणूस चांगला होता म्हणून ओळ गेली. जे उरलं ते असं: वाट्टेल तसं वापरा, आमची नावं आणि हा मजकूर तेवढा जसाच्या तसा ठेवा, आणि काही बिघडलं तर आम्हाला जबाबदार धरू नका.

याला तीस वर्षं झाली. मग गेर्नोटला स्नायू झिजवणारा तो आजार झाला. आधी बोटं गेली, मग हात, मग जीभ. माणूस आत अख्खा शाबूत आणि बाहेर यायला फक्त डोळे, अशी त्याची गत झाली. विमा मंडळाने डोळ्यांनी चालणारं यंत्र दिलं. पलंगासमोर एक पडदा, त्याखाली कॅमेरा. गेर्नोट एकेका अक्षरावर नजर रोखायचा, अक्षरं जुळायची आणि यंत्र ती बोलून दाखवायचं.

पहिल्याच दिवशी इर्मेलाने सवयीप्रमाणे यंत्राची सगळी पानं उघडून पाहिली. अगदी शेवटच्या पानावर, कोणी कधी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत, त्यांच्या अकरा ओळी होत्या आणि खाली दोघांची नावं. यंत्र आल्बवरच चालत होतं. तिला हसू आवरेना. तिने ते पान गेर्नोटसमोर धरलं.

"आपलंच पोर," यंत्र म्हणालं, आणि थोड्या वेळाने, "मला उत्तरेकडचा करून टाकलंय मात्र."

आवाज खरंच हाम्बुर्गकडचा होता. जन्मभर दक्षिणेतल्या बाडेनची बोली बोललेल्या माणसाच्या तोंडी तो ऐकून घरी येणारी परिचारिकासुद्धा हसायची. आठवडाभर गेर्नोट खुशीत होता, आणि खोटं कशाला सांगावं, इर्मेलालाही अभिमान वाटला होता.

पानगळीच्या सुमाराला यंत्र अडायला लागलं. बोलता बोलता पडदा काळा व्हायचा. पुन्हा सुरू करून नजर जुळवायला पाच मिनिटं लागायची, आणि तोवर गेर्नोट दमून जायचा. त्याचे डोळे जसजसे मंदावले, तसतसं हे वाढत गेलं. दुसऱ्या कोणाला याचं कारण शोधायला महिना लागला असता. इर्मेलाला ते दुसऱ्याच दिवशी उमगलं, कारण चूक तिचीच होती. त्या काळी एका जुन्या लॅपटॉपची बॅटरी वाचवायची म्हणून तिने लिहून ठेवलं होतं, की माऊससारखं एखादं साधन बराच वेळ हललं नाही तर ते मेलं असं समजावं आणि तोडून टाकावं. आता ते साधन म्हणजे गेर्नोटचे डोळे होते.

आल्बमध्ये ती चूक केव्हाच दुरुस्त झाली होती. ब्रनोच्या एका बाईने अकरा वर्षांपूर्वी तीन ओळी लिहून पाठवल्या होत्या आणि इर्मेलाने तिला आभाराचं पत्रही धाडलं होतं. पण हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने आल्ब उचललं होतं ते त्याच्याही आधी. मग त्यात आपले बदल केले, कुलूप घातलं आणि तेच पुढे चालवलं. औषध घरात होतं, पण यंत्र कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय एक अक्षर आत घेत नव्हतं.

तिने कंपनीला फोन लावला. श्टेगमान नावाचा मनुष्य बोलला, अगदी अदबीने.

"हाबरकोर्नबाई, कोड मूळचा तुमचा आहे हे आम्ही नाकारतच नाही. तुमची नावं ठेवली आहेत की."

"नावं घेऊन काय करू? चूक कुठे आहे ते मला माहीत आहे. तीन ओळी पाठवते, तेवढ्या घाला."

"वैद्यकीय उपकरण आहे हो. एक ओळ बदलली तरी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. हे मॉडेल तर आता बंदच होतंय. नवीन मॉडेल वसंतात येईल."

"वसंतापर्यंत त्याचे डोळे राहायचे नाहीत. तुमचा कोड द्या नि कुलूप काढा. मी घालते ओळी, जबाबदारी माझी."

"तसं देता येत नाही."

"का देता येत नाही?"

"बाई, तुमचा परवाना मी स्वतः वाचलाय. तशी अट असती तर आम्हाला द्यावंच लागलं असतं. तुमच्या परवान्यात ती नाहीच."

माणूस खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्यावर ओरडता येत नाही. तिने फोन ठेवला. तिला संताप आला होता, पण श्टेगमानचा नव्हे. पलंगावर निपचित पडलेल्या नवऱ्याचा आला होता. अशा माणसावर रागावायची लाज वाटत होती, आणि तरी राग काही केल्या उतरत नव्हता.

ही हकिगत बुर्कहार्डच्या कानावर गेली. आल्बवर पहिल्यापासून राबलेला हा तिसरा माणूस. तो फ्रायबुर्गला राहायचा आणि आल्बचा सगळा पत्रव्यवहार बघायचा. त्याने आपणहून सगळ्यांना लिहिलं, की पुढच्या आवृत्तीपासून इर्मेलाची बारावी ओळ घालू या. आल्बमध्ये एक जुना रिवाज होता. परवान्याला हात लावायचा तर ज्याने म्हणून कोडची एखादी तरी ओळ दिली असेल, त्या प्रत्येकाला विचारायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी विषय संपला. अशी त्रेचाळीस माणसं होती. एक जण आता मधमाश्या पाळत होता, त्याला संगणक शोधून काढायलाच चार दिवस लागले. पण तीन आठवड्यांत बेचाळीस होकार आले.

"गेर्नोटचाच तेवढा राहिलाय," बुर्कहार्ड फोनवर म्हणाला. "त्याचं मुखत्यारपत्र आहेच तुझ्याकडे. करून टाक सही."

"त्याला विचारते आणि करते."

"त्यात विचारायचं काय? त्याच्याइतकं कोणाला पोळलंय?"

पण इर्मेलाला सही नकोच होती. नव्या ओळीने गेर्नोटचं यंत्र सुधारणार नव्हतं, हे तिला कळत होतं. उपयोग झालाच तर पुढच्या रोग्यांना. तिला एवढंच ऐकायचं होतं, की तुझं बरोबर होतं. इतक्या वर्षांनी का होईना, त्याच्याकडून, त्या हाम्बुर्गी आवाजात.

रविवारी सकाळी, बेर्नहार्ट चर्चच्या घंटा थांबल्यावर, ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. त्या वेळी तो सगळ्यांत ताजा असायचा. तिने बारावी ओळ सावकाश वाचून दाखवली.

"आता तरी घालायची ना?"

त्याचे डोळे हलू लागले. अक्षर अक्षर जमत होतं. तिने पडद्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

"नाही," यंत्र म्हणालं.

"गेर्नोट, नीट विचार कर. तुझ्यासारखे आणखी किती जण पडले असतील असे."

पुन्हा डोळे हलले. या वेळी फार वेळ लागला.

"नाही. कारण," यंत्र म्हणालं, आणि पडदा काळा झाला.

तिने बटण दाबलं. पाच मिनिटं ती थांबली, आणि ती पाचही मिनिटं ती त्याला बोलत राहिली. "गाढवा, तुझ्याच तोंडाला कुलूप लागलंय आणि अजून तुझी दानत सुटत नाही? काय कारण? सांग ना, काय एवढं मोठं कारण?" यंत्र सुरू झालं तेव्हा त्याचा डोळा लागला होता. उठवावंसं तिला वाटलं, पण तिने उठवलं नाही. म्हणाली, दुपारी विचारीन.

दुपारी त्याला ताप भरला. छातीत कफ साठला होता. इस्पितळात नऊ दिवस गेले. घरी आणलं तेव्हा कॅमेऱ्याला त्याची नजर सापडेना. बुबुळं मधोमध थांबली होती. फक्त पापण्या मिटत होत्या, त्याही कधी त्याच्या मनाने आणि कधी आपोआप.

इर्मेलाने एकेक अक्षर म्हणत पाहिलं. पापणी मिटली की ते अक्षर लिहायची. तासाभरात जो शब्द झाला, त्याला काही अर्थ नव्हता. मग तिने कारणंच सुचवायला घेतली. "ब्रनोच्या बाईने बिनशर्तच दिलं म्हणून? नियम बदलला तर लोक वापरणार नाहीत म्हणून? तुझा हट्ट म्हणून?" पापणी मिटली. "माझं बरोबर होतं, ते कबूल करायचं नाही म्हणून?" पापणी पुन्हा मिटली. ती कशालाही मिटत होती. तिने त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि विचारणं सोडून दिलं.

बुर्कहार्डने सहीसाठी पाठवलेलं होकाराचं पत्र टेबलावर पडलं होतं. तीन वर्षं तिने त्याच्या नावाने सगळीकडे सह्या केल्या होत्या, विम्याच्या कागदांवर, बँकेत, इस्पितळात नळ्या घालायला संमती देतानासुद्धा. आणखी एक केली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. तिने पेनही उचललं. पण नाही हा शब्द तो दोनदा बोलला होता, आणि तो एकेक शब्द त्याला किती महाग पडला होता हे तिच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं. तिने पत्र बिनसहीचंच पाकिटात घातलं आणि बुर्कहार्डला फोन केला.

"गेर्नोटचं उत्तर नाही असं आहे."

"नाही?" बुर्कहार्डला खरं वाटेना. "बेचाळीस जणांनी हो म्हटलंय, इर्मेला. आणि हा, ज्याची वाचा त्या कंपनीच्या हातात आहे, तो नाही म्हणतो? अगं, का पण?"

"सांगत होता," ती म्हणाली. "मध्येच यंत्र बंद पडलं."