पोथीला लाल साडो

माझा नवरा कुस्तोदियो सावंतवाडीत पुस्तकं बांधायचा. स्वतःच्या कामावर तो इतका खूश असायचा की दुसऱ्याचं कौतुक करायला त्याला सवडच नसे.

अठ्ठावन्न साली शेजारच्या रुक्मिणीबायनं तिच्या बापानं हातानं लिहिलेली पोथी त्याच्याकडे दिली. पानं सुटली होती. बाप गेल्यावर श्रावणातलं वाचन यंदा पहिल्यांदा तीच करणार होती.

कुस्तोदियोनं जीव ओतला. बकऱ्याचं मऊ कातडं चढवलं, त्यावर अंड्यातलं पांढरं लावून सोन्याचा वर्ख ठेवला आणि तापल्या पितळी ठशांनी वेल उठवली.

शनिवारी रुक्मिणीबाय आली. पोथीकडे गेलेला हात तिनं मागे घेतला.

“कुस्तोदियो, ह्या चामडा मां?”

“बकऱ्याचा! एक नंबर!”

“सोवळ्यात चामड्याक हात कसो लावू रे?” तिचे डोळे भरले. “सोमवारी वाचन. बापाशीची पोथी, आणि माकाच हात लावूक मेळाची नाय.”

“पण सोना तरी बघ, अंड्या...”

मी त्याच्या पायावर पाय दिला. असा राग आला म्हणून सांगू! जन्म या गावात गेला आणि एवढं कळू नये? मलाही सुचलं नव्हतं, म्हणून राग जास्तच.

“सोवळ्यात काय चलता?” मी विचारलं.

“रेशीम.”

मी पेटी उघडली. लग्नात एकदाच नेसलेला लाल रेशमी साडो काढला. एकदा त्यावरून हात फिरवला आणि कातर लावली.

कुस्तोदियोनं कातडं उतरवलं, मैद्याची खळ शिजवली, पुठ्ठ्यावर रेशीम ताणलं. अंडं सोवळ्यात चालत नाही, तेव्हा वर्खही बाद झाला, म्हणून मी जरीनं काठाला वेल भरली. मी शाळेत शिवण शिकवायची, तरी त्यानं माझं काम कधी निरखलं नव्हतं. त्या दिवशी मान वाकडी करून बघत बसला.

“ह्यो टाको कसो घालतस गो?”

सोमवारी आम्ही रुक्मिणीबायच्या ओटीवर बसलो. तिनं पोथी कपाळाला लावली. पहिल्या पानावर आवाज कापला, मग लागला. प्रसाद देताना म्हणाली, “फ्रान्सिस्का, तुझो साडो आता दर श्रावणात भायर येतलो.” मी हसता हसता रडले.

दुसऱ्या दिवशी कुस्तोदियो स्वयंपाकघरात आला.

“अंडा आसा काय गो?”

संध्याकाळी माझी शिवणाच्या नमुन्यांची फाटकी वही मला ओळखू येईना. तेच कातडं, तीच सोन्याची वेल, आणि मधोमध ताज्या वर्खात माझं नाव.