कापसाचा बोळा

खासदारसाहेब गाल दाबून धरत खुर्चीत मागे रेलले. डॉक्टरबाईंनी दिवा त्यांच्या तोंडावर ओढला आणि मनातल्या मनात स्वतःला बजावलं: इथे नाही. या खुर्चीत नाही.

खरं तर आज सकाळी त्याच साहेबांकडे जाणार होत्या, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांना सोबत घेऊन. उद्या सभागृहात ठराव मतदानाला येणार होता. युद्ध थांबावं, ओलीस घरी यावेत, गाझाचा वेढा उठावा, आणि इस्रायली व पॅलेस्टिनी दोघांनाही सारख्या हक्काने जगता येईल अशा तहासाठी सरकारने जोर लावावा, असा तो ठराव. साहेबांचं मत कुठे पडणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, बहुधा साहेबांनाही नाही. दोघांनी आठवडाभर बेकरीच्या मागच्या खोलीत तालीम केली होती. आणि सकाळी निरोप आला, की साहेबांची दाढ ठणकते आहे, भेट रद्द. थोड्या वेळाने साहेबच दवाखान्यात हजर.

बेकरीवाल्यांना हे कळलं, तसा त्यांचा फोन आला.

"देवच पावला, डॉक्टर! माणूस तोंड उघडून समोर पडलाय. सांगून टाका सगळं!"

"तोंड उघडं असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही."

"म्हणूनच तर!"

"म्हणूनच नको," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. तरी बेकरीवाले आलेच. अंगावरचं पीठही न झटकता ते बाहेर बाकावर बसून होते.

साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त बोलायचे. मागच्या भेटीत त्यांनी स्वतः उठून खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली, "तुमचं दुःख ते माझं दुःख," म्हणाले, आणि तिथून जे सुरू झाले ते स्वतःच्या लहानपणापासून थेट जगाच्या राजकारणापर्यंत जाऊन आले. बेकरीवाल्यांनी तोंड उघडलं रे उघडलं की, "बरोबर, बरोबर, कळतंय मला," आणि गाडी पुन्हा साहेबांच्या रुळावर. शेवटी फोटो. मत कुठे पडणार, याबाबत मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

"फोटोत छान आलोय मी," जिना उतरताना बेकरीवाले म्हणाले होते. त्या दिवशी एवढंच काय ते हाती लागलं.

डॉक्टरबाईंचंही चुकलंच होतं. त्या भेटीच्या तालमीत ठरल्याप्रमाणे त्यांनी आपल्या ताईच्या मुलाबद्दल सांगायचं होतं. ताई इस्रायलमध्ये, गाझाच्या सीमेजवळच्या गावात राहायची. हल्ला झाला त्या सकाळी भाचा घरात होता. तो मारला गेला. हे एवढंच तर सांगायचं. पण साहेबांसमोर त्यांनी कुठल्या कुठल्या अहवालांतले आकडे सांगितले. आकडे सांगताना आवाज कापत नाही. आणि ताई आता फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायची, कारण आपली धाकटी बहीण "त्या लोकांपैकी", गाझाच्या एका बेकरीवाल्याबरोबर दारोदार फिरते हे तिच्या कानावर गेलं होतं.

"भूल चढली का?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. दाढेचं मूळ चिरलं होतं, ती काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरबाईंचा हात शांत होता. डोळे घट्ट मिटून घेतलेला तो मोठा माणूस चिमट्याला घाबरलेल्या कुठल्याही माणसासारखाच दिसत होता, आणि त्यांना त्याची दया आली. दाढ निघाली. त्यांनी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला.

"घट्ट चावून धरा. अर्धा तास तोंड उघडायचं नाही. बोलायचं नाही, थुंकायचं नाही. नाहीतर रक्त थांबणार नाही."

साहेबांचे डोळे विस्फारले. अर्धा तास! एवढा वेळ ते झोपेत तरी गप्प राहत असतील का, कोण जाणे.

डॉक्टरबाई थांबल्या. मग सरळच म्हणाल्या, "बाहेर बेकरीवाले बसलेत. त्यांना बोलायचंय तुमच्याशी. ऐकायचं नसेल तर मागचं दार उघडं आहे, गाडी तिकडे बोलवा. मला राग यायचा नाही. दाढेचं काम दाढेचं."

साहेबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. हातातल्या फोनकडे पाहिलं. मग का कोण जाणे, गाल धरून ते पुढच्या दाराने बाहेर गेले.

बेकरीवाले धडपडत उठले. पाठ केलेलं सगळं त्या सुजलेल्या गालाकडे बघून हवेत विरलं.

"बसा ना साहेब. दुखतंय का फार?"

साहेबांनी हात हलवला. ठीक आहे.

"माझी धाकटी बहीण गाझात आहे," बेकरीवाले म्हणाले आणि सवयीने थांबले. 'बरोबर, बरोबर' आलं नाही. त्यांनी वाट पाहिली. तरी आलं नाही.

"तंबूत राहते. घर पडलं." पुन्हा थांबले. साहेब त्यांच्याकडे बघत होते.

याच्या पुढे ते कधी पोचलेच नव्हते. त्यांनी अ‍ॅप्रनला हात पुसले.

"तिची मुलगी आहे एक. फोनवर मला दाखवत होती, मामा, माझा पुढचा दात पडला. मागे मोठ्ठा आवाज झाला आणि फोन बंद. पुढे कित्येक दिवस काही पत्ता नाही. मी भट्टीपाशी उभा राहायचो आणि पाव करपायचे. मग लागला एकदाचा फोन. जिवंत आहेत. आता तिथे नवा दात आलाय, अर्धा." त्यांनी बोटाने दाखवला, केवढा ते. "मला राजकारण कळत नाही, साहेब. बाकीचे दात तिचे घरात पडावेत, एवढंच."

आत डॉक्टरबाई चिमटे धूत होत्या. धुतलेलेच पुन्हा धूत होत्या.

"आणि डॉक्टरांचंही आहे," बाहेर आवाज आला. "त्यांचं मला तोंडपाठ आहे, तालमीत रोज ऐकलंय. रोज रडू येतं मला. पण ते मी सांगणार नाही. ते त्यांचं आहे."

मग बेकरीवाले बाह्यांवरचं पीठ झटकू लागले.

अर्धा तास झाला. डॉक्टरबाई हातमोजे घालून, छोटा चिमटा घेऊन बाहेर आल्या.

"झालं साहेब. आ करा, बोळा काढते. आता बोललात तरी चालेल."

साहेबांनी मान हलवली. नाही. ओठ घट्ट मिटूनच ते बाकावर थोडे सरकले आणि मधल्या रिकाम्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

बेकरीवाले दुसरीकडे सरकले.

डॉक्टरबाईंनी चिमटा खिडकीत ठेवला. एकेक करून हातमोजे काढले, आणि बसल्या.

"माझ्या ताईला एक मुलगा होता," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापला, आणि त्यांनी तो तसाच कापू दिला.