मुक्या महिन्याचा चमत्कार

"पाहा, पाहा! हिच्या कानातलं भूत पळालं!"

पास्टर जोथाम यांनी माझ्या अमेर्लेला टेबलावर उभं केलं होतं. पाच वर्षांची पोर. तिच्या पाठीमागे त्यांनी पातेल्याचं झाकण फरशीवर आपटलं. अमेर्ले दचकली, डोळे मिचकावले आणि फ्रॉकचं बटण चघळत राहिली. रडली नाही. सगळ्या चर्चने पांढरे रुमाल हलवले आणि "हालेलुया!" म्हटलं. पण कुजबुजत. कारण आम्हा घानातल्या अक्रा शहरच्या गा लोकांचा मुका महिना चालू होता. पेरलेला मका शांततेत रुजावा म्हणून तीस दिवस ढोल बंद, भोंगे बंद, मयतीची गाणीसुद्धा बंद. चर्चनेही दारं लावून हळू आवाजात प्रार्थना करायची.

"सैतानाचा भोंगा मी बंद केला!" पास्टर दबक्या आवाजात गरजले. सासूबाई रडत होत्या. मीही रडले. खोटं कशाला सांगू?

तीन वर्षं मी या पोरीसाठी आवाज मोजत जगत होते. मिक्सर, गाडीचा हॉर्न, शेजारणीचं हसणं, ताटलीवर पडलेला चमचा. काहीही झालं की अमेर्ले कान दाबून पलंगाखाली. गल्लीतले म्हणायचे, "लाडावलीय." कुणी म्हणायचं, "आई शिकलेली ना, असंच होणार." कानाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मात्र तपासून सांगितलं होतं, "पोर हट्टी नाही. तुम्हाला साधा वाटतो तो आवाज तिला खरोखर दुखतो. दिवसभर भोंग्यांनी सोलून निघालेल्या कानाला चमचाही सुरीसारखा लागतो. फार गोंगाट असेल तेव्हाच आवाज अडवणारे हे कानपट्टे लावा, घरात काढा. हळूहळू सवय होईल, पण वेळ लागेल. आणि रडण्याची नोंद ठेवा." म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठिपके काढायचे. एकदा किंचाळली, एक ठिपका.

वेळ लागेल, हे कुणाला ऐकायचं असतं? सासूबाईंनी पास्टरांना बोलावलं. एका शुक्रवारी त्यांनी अमेर्लेच्या कानाला तेल चोळलं. "हे कानपट्टे म्हणजे सैतानाला दिलेली खुर्ची!" असं म्हणून ते काखोटीला मारले. "आता तीस दिवस थांबा."

आणि पोर खरंच शांत झाली की हो!

मग गुरुवार आला. मुका महिना संपला, पहिला ढोल वाजला, आणि गल्लीतले सगळे भोंगे महिन्याची उपासमार भरून काढायला एकदम ओरडू लागले. अमेर्ले मक्याची उकडलेली केंकी आणि मासा खात होती. ताटली उडाली. उलटी होईपर्यंत ती किंचाळली. कान ओरबाडून रक्त काढलं.

पास्टर संध्याकाळी आले. "भूत परत आलंय. आईच्या मनात शंका आहे, म्हणून. रविवारी पोरीला आमच्या छावणीत नेतो. चाळीस दिवस उपास, प्रार्थना. आईने यायचं नाही."

त्या छावणीत अंगात आलेल्यांना झाडाला बांधतात, हे आमच्या आख्ख्या बुकोम वस्तीला माहीत होतं. नवरा मासेमारीच्या बोटीवर. घरात शब्द सासूबाईंचा, आणि सासूबाईंनी मान हलवली.

शनिवारी मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. तेल लावलं तो शुक्रवार. शनिवारी चार ठिपके. रविवारी पाच. सोमवारपासून कोरं. सोमवारी काय झालं होतं? मुका महिना लागला होता! त्याच खिळ्याला मागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं. पान उलटलं. तिथेही ठिपक्यांची गर्दी, मग एका सोमवारपासून तीस घरं कोरी. गेल्या वर्षी ना तेल होतं, ना पास्टर. मला स्वतःचाच इतका राग आला! ठिपके मीच काढले, आणि मीच वाचले नाहीत.

दोन्ही कॅलेंडरं सासूबाईंपुढे ठेवली.

"ठिपके काढून देवाला खोटं ठरवतेस? कॉलेजात हेच शिकवलं का गं?"

"देवाला नाही, आई. त्या माणसाला."

पलंगाखालून अमेर्लेचा आवाज आला, "आजी, ढोल परत कधी झोपणार?"

सासूबाई पोरीचे कपडे पिशवीत भरत राहिल्या.

रविवारी पास्टर हातभोंगा घेऊन, चाळीसएक माणसांसह आमच्या अंगणात आले. "निघ, कानातल्या भुता, निघ!" आत अमेर्लेच्या किंकाळ्या. मी दार अडवून उभी. मला बाजूला सारून सासूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या.

त्यांनी पिशवीतून कॅलेंडरं काढली.

"पास्टर, तुम्ही शुक्रवारी तेल लावलंत. मग शनिवार-रविवारी पोर नऊ वेळा का किंचाळली?"

"भुताला निघायला वेळ लागतो, आजी."

"आणि नेमकं ढोल झोपले त्याच सोमवारी निघालं?"

"देवाची योजना!"

"गेल्या वर्षीही सोमवारीच निघालं होतं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पास्टरांनी भोंगा तोंडाला लावला, "सुनेने या म्हातारीचे कान भरलेत..."

"ए जोथाम!" सासूबाईंचं 'तुम्ही' संपलं. "तुझी आई माझ्या शेजारी बसून मासे भाजायची. मुका महिना कधी लागतो, हे तुला ठाऊक नव्हतं? तीस दिवस म्हणालास. एकतीस का नाही म्हणालास रे? बंद कर आधी तो भोंगा!"

बटण त्याने दाबलं की शेजारच्याने, कोण जाणे. भोंगा बंद झाला. सगळे गप्प. आतली किंकाळी हुंदक्यावर आली, मग तीही थांबली. चाळीस माणसांनी ती थांबताना ऐकली.

"हा घ्या चमत्कार," सासूबाई म्हणाल्या. "आता पोरीचे कानपट्टे आणून दे."

कानपट्टे आले. पण पुढच्या रविवारी जोथामचं चर्च पुन्हा भरलं, अंगणात हसलेलेही त्यात होते. अमेर्ले अजून किंचाळते; कालच तीन ठिपके पडले. हल्ली ते सासूबाई काढतात, पेन्सिल थुंकीने ओली करून. सुधारणा इतकी हळू आहे की कधी कधी मलाच ओरडावंसं वाटतं, आणि आमच्या घरात तेही करता येत नाही.

तरी तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते. कुणी म्हणालं चमत्कार झाला, तर नमस्कार करण्याआधी तारीख विचारा. आणि त्या तारखेला आणखी काय काय झालं होतं, तेही विचारा.