कागदाबाहेरचे वाक्य

मी एक जुना दवंडीचा ढोल आहे. मित्रांनो, या संग्रहालयात माझ्या खालच्या पाटीवर तुम्हांला 'उत्सवी ढोल, एकोणिसावे शतक' असे वाचायला मिळेल. पाटी विद्वानांनी लिहिली आहे. तिच्यातला 'ढोल' हा शब्द बरोबर आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या वर्षी, हंगेरीच्या पश्चिमेकडील एका गावात मला एका चाळण्या करणाऱ्याने घडवले. बीचच्या लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून तो कडे करी. त्यावर घोड्याच्या केसांची जाळी ताणली की चाळणी होई आणि गाढवाचे कातडे ताणले की ढोल. त्याच दिवशी, त्याच लाकडातून त्याने माझी सख्खी बहीण केली. ती गहू आणि खडे वेगळे करीत असे. मला तो गुण लाभला नाही. माझ्यासमोर जे काही येते ते मी सारख्याच निष्ठेने मोठे करतो.

मला गळ्यात अडकवून गावाच्या सात कोपऱ्यांवर उभा राहणारा माणूस म्हणजे बालिंट कोचोर. ग्रामकचेरीतला कारकून त्याच्या हाती कागद देई, बालिंट टिपऱ्या माझ्यावर मारी, लोक दारात येत, आणि तो ओरडे, "ऐका हो ऐका! सर्व लोकांस कळविण्यात येत आहे की..." पुढे कोणाचे डुक्कर हरवलेले असे, कोठे कुत्र्यांना टोचायचे असे, द्राक्षे तोडायला कोणत्या दिवसापासून मुभा आहे ते असे. ढोल वाजला आणि बालिंट बोलला म्हणजे ती गोष्ट खरी, असे गाव मानत असे. अकरा वर्षांत मी एकही खोटे वाक्य मोठे केले नव्हते. त्या काळी मला माझा अभिमान होता.

मग चौदा सालचा उन्हाळा आला. या संग्रहालयात मुलांना घेऊन येणारे एक शिक्षक माझ्याकडे छडी रोखून सांगतात, "पहिले महायुद्ध सुरू झाले, ते याच ढोलाने गावाला सांगितले." मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, मी असले काही सांगितलेले नाही. 'पहिले' हा शब्द त्या दिवशी कोणत्याच कागदात नव्हता. अमुक वयाच्या पुरुषांनी दोन दिवसांत पायातल्या बुटांसह हजर व्हावे, घोडे चौकात आणावेत, एवढेच कागदात होते. मळणी चालू होती. लोकांना युद्ध दिसलेच नाही. त्यांना दिसला अर्धा मळलेला गहू आणि न्यायला आलेले घोडे.

चौथ्या कोपऱ्यावर बोर्चा उभी होती. केसांत भुसा, कडेवर तान्ही मुलगी, शेजारी नवरा वेंडेल. दवंडी संपल्यावर कोणी काही विचारायचे नसते. तिने विचारले.

"आणि परत कधी पाठवणार, बालिंटकाका? ते वाचा की."

कागदात ते नव्हते. बालिंटने कागद उलटा करून पाहिला; मागची बाजू कोरी होती. मग त्याने माझ्यावर दोन टिपऱ्या जास्त मारल्या आणि दवंडीच्याच आवाजात म्हणाला, "पानं गळायच्या आत सगळे घरी येतील!"

त्याला कोणीही हे सांगितले नव्हते. त्याला फक्त बोर्चाचा चेहरा पाहवला नाही. मात्र एका कोपऱ्यावर सांगितले म्हणून उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांवर सांगावे लागले, आणि मागे राहिलेल्या तीन कोपऱ्यांवरही तो परत जाऊन सांगून आला. संध्याकाळपर्यंत ते सरकारी वाक्य झाले होते.

त्याच कोपऱ्यावर, अजून आम्ही निघालोही नव्हतो तेव्हा, बोर्चा वेंडेलच्या कानाशी लागली. टेकडीवर द्राक्षमळ्यात त्यांची दगडी खोपी होती. आत द्राक्षांचा घाणा, खाली तळघर, दाराला वीतभर लांबीची किल्ली.

"चल, तिथं बस. मी रात्री भाकरी आणून देईन. कोण शोधतंय तुला?"

"दहा आठवड्यांसाठी घुशीसारखा बिळात बसू?" वेंडेल हसला. "पानं गळायच्या आत येणाराय मी. माझ्या मनचं नाही सांगत, बाई. दवंडी पिटलीय."

बालिंटने हे ऐकले. त्याला तेव्हा आपण पुण्य केले असे वाटत होते.

आमच्याकडे अक्रोडाची पाने पहिल्या हिमाबरोबर एकाच सकाळी खाली येतात. त्या सकाळी बायका विहिरीपाशी बालिंटची वाट अडवून उभ्या राहिल्या.

"काय रे बालिंट, त्या कागदात झाडाचं नाव होतं का? आमच्या अक्रोडाची तर गळली."

"अगं, ओकाची असतील. ती वसंतापर्यंत चिकटून असतात."

"मग वर जाऊन हलवू का ओक?"

बालिंट खाली मान घालून माझी वादी सारखी करीत राहिला. डिसेंबरात वेंडेल गेल्याचा कागद आला. तो गॅलिशियाच्या आघाडीवर सप्टेंबरच्या नऊ तारखेला पडला होता. आमच्या गावात त्या दिवशी सगळी पाने हिरवी होती.

बोर्चा बालिंटच्या स्वयंपाकघरात आली. मी खुंटीला टांगलेला होतो. तिने शिव्याशाप दिले नाहीत.

"तुम्ही ते चांगल्या मनानं बोललात, काका," ती म्हणाली. "तेच तर. यापुढं कागदात असेल तेवढंच बोलायचं. तुमच्या मनातलं एक अक्षर नको. ढोलावर हात ठेवा."

बालिंटने माझ्यावर हात ठेवला. तो हात घामेजलेला होता आणि बराच वेळ तेथेच राहिला.

ती शपथ त्याने पाळली. पुढे एकोणतीस वर्षे त्याने कागदाबाहेरचा शब्द उच्चारला नाही. लोक कौतुक करीत: असा खरा माणूस पंचक्रोशीत नाही. युद्धाने गावाला एक शहाणपण दिले, असे म्हणायचे तर ते हेच होते. दुसरे शहाणपण आर्मिन लाझारने आणले.

आर्मिन हा आमचा यहुदी दुकानदार. मीठ, रॉकेल, दोरे, खिळे विकणारा. तो वेंडेलच्याच पलटणीत होता. गुडघ्यात गोळी आणि छातीवर रुपेरी पदक घेऊन तो परत आला, वेंडेलचा चाकू त्याने बोर्चाच्या हाती दिला, आणि पुढे दर मे महिन्यात हुतात्म्यांच्या दिवशी तो पदक लावून लंगडत तिच्या बाजूने चालत असे. नव्या युद्धाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा लोक त्याला विचारायला दुकानात जमत. तो वजने पुसत सांगे, "युद्ध मला शिकवू नका. युद्ध म्हणजे उवा, चिखल, आणि कारकून. उवा मारायच्या, चिखल सोसायचा, कारकुनाला कागद दाखवायचा. जगतो माणूस."

हे सारे अनुभवाचे बोल होते. त्यातला प्रत्येक शब्द मागच्या युद्धापुरता खरा होता.

चव्वेचाळीसच्या वसंतात मी यहुद्यांनी छातीवर पिवळा तारा लावावा अशी दवंडी दिली. आर्मिनने तो पदकाच्या शेजारी लावला आणि म्हणाला, "आता दोन झाली. म्हातारपणी बढती."

जूनच्या आरंभी, चेरी पिकल्या होत्या तेव्हा, बालिंटचा रेल्वेत काम करणारा पुतण्या घरी आला. मी खुंटीवरून ऐकत होतो.

"काका, उत्तरेकडनं बंद डबे जातायत. माल वाहायचे. आत माणसं. खिडकीला तारा. कामाला नेतात म्हणे. काका, आत म्हाताऱ्या आहेत, अंगावर पिणारी पोरं आहेत. ती कसलं काम करणार? सरहद्दीपलीकडं भरून जातात, आणि डबे परत येतात ते धुतलेले."

"तू पाहिलंस?"

"मी डब्यांवरचे नंबर लिहितो, काका. तेच डबे."

"कुणाला बोललास?"

"तुम्हाला."

बालिंट त्र्याहत्तर वर्षांचा होता. त्याने उठून पुतण्याला आणखी सूप वाढले.

तिसऱ्या दिवशी कागद आला. सर्व यहुद्यांनी उद्या सकाळी आठ वाजता चौदा दिवसांच्या शिदोरीसह शाळेच्या आवारात जमावे. चौथ्या कोपऱ्यावर आर्मिन आणि त्याची एकोणीस वर्षांची मुलगी लेंके उभी होती. बोर्चाही होती. टोपीत कोंबड्याची पिसे खोवलेला शिपाई वीस पावलांवर कुंपणाजवळ चेरी खात, बिया कुंपणापलीकडे थुंकत होता. वीस पावले म्हणजे हळू बोललेले ऐकू जाणार नाही एवढे अंतर. मित्रांनो, मला आवाजाचे अंतर कळते. माझा तो धंदा आहे.

दवंडी संपली. बोर्चाने ॲप्रनच्या खिशातून वीतभर किल्ली काढली.

"खोपीत जा. निदान पोरीला तरी पाठव. मी रात्री भाकरी आणून देईन."

आर्मिनने किल्लीकडे पाहिले. "तीस वर्षं झाली, बोर्चा, आणि तू अजून त्याच खोपीत माणसं लपवायला बघतेस!"

"एकदा ऐकलं असतं तर माझा नवरा असता."

"ते खरं," तो हळूच म्हणाला. लेंकेने बापाची बाही धरली होती. ती किल्लीकडे पाहत होती. मग आर्मिन बालिंटकडे वळला. "बालिंटकाका, तुम्ही कागदाबाहेरचं बोलत नाही हे अख्खं गाव जाणतं. म्हणून तुम्हालाच विचारतो. कागदात याहून काही आहे?"

"नाही."

"आणि कागदाबाहेर?"

बालिंटचा अंगठा माझ्या कातड्यावर होता. तो अंगठा मी एकेचाळीस वर्षे ओळखतो. तो एवढा दाबला गेला की कातड्याला खळगा पडला. त्याच्या आत ते वाक्य तयार होते. मला ते हाडांतून येताना जाणवले. आणि त्याच्या आत दुसरेही काही होते: अक्रोडाखालची ती सकाळ, विहिरीवरच्या बायका, ढोलावर ठेवलेला हात. आपण एकदा कागदाबाहेर बोललो आणि एक माणूस मेला, हे त्याला पक्के ठाऊक होते.

"कागदाबाहेरचं मला काही माहीत नाही," बालिंट म्हणाला.

"मग झालं," आर्मिनने सुटकेचा श्वास सोडला. "चौदा दिवसांची शिदोरी मागतायत, म्हणजे पंधराव्या दिवशी जेवायला घालणारं कुणीतरी असणारच. लपलेल्या माणसाला गोळी घालतात, रांगेतल्या माणसाला कागद देतात. मी रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. चल, लेंके."

लेंकेने जाताना बोर्चाच्या हातातली किल्ली बोटांनी चाचपली. घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता शाळेच्या आवारात सतरा माणसे होती. परत कोणी आले नाही. बोर्चाने सहा वर्षे खोपीचे दार उघडे ठेवले आणि किल्ली खिशात. बालिंटने त्या दिवसानंतर मला खुंटीवरून काढले नाही. दोन वर्षांनी तो गेला. पुढे खांबांवर कर्णे बसले, माझी गरज संपली, मी माळ्यावर उंदरांसोबत राहिलो आणि तेथून येथे आलो. माझ्या पेटीत शेजारी एक वीतभर लांबीची किल्ली ठेवलेली आहे. तिच्या पाटीवर लिहिले आहे: 'किल्ली. उपयोग अज्ञात.'

आता ते शिक्षक येतात. चौदा साली लोक भोळे होते, असे ते सांगतात. चव्वेचाळीस साली ज्यांना ठाऊक होते ते भित्रे होते, असेही सांगतात. परवा एका मुलीने विचारले, "मग ती माणसं लपली का नाहीत?" शिक्षक म्हणाले, "त्यांना इतिहास माहीत नव्हता. आपल्याला आहे." मुलीने वहीत ते लिहून घेतले.

मित्रांनो, बालिंटला इतिहास माहीत होता. आर्मिनला तर तोंडपाठ होता. तो गुडघ्यात बाळगत होता. दोघेही मागच्या युद्धाने शहाणे झालेले होते, आणि त्यांच्या त्या शहाणपणाने एकोणीस वर्षांची मुलगी रांगेत उभी केली. तुमच्या वहीतले शहाणपण याहून वेगळ्या जातीचे आहे असे मानायला मला आधार सापडत नाही. मी पुष्कळ शोधला आहे. पेटीत दुसरे काम नसते.

दर उन्हाळ्यात गावच्या जत्रेला मला बाहेर काढतात. कोणी तरुण नक्षीदार बंडी घालून मला गळ्यात अडकवतो, सात कोपऱ्यांवर वाजवतो आणि ओरडतो, "ऐका हो ऐका! गुलाशचा रस्सा तयार आहे!" लोक हसतात. पण त्याआधी, टिपऱ्या थांबल्यापासून तो तोंड उघडेपर्यंत, सगळे गप्प होऊन चेहरे वर करतात. पुढे जे येईल ते खरे, असे मानायला तयार असलेले चेहरे. चौथ्या कोपऱ्यावर मी तेच चेहरे पाहिले होते.

अशा आत्मवृत्ताच्या शेवटी 'माझी काळजी घ्या' अशी विनंती करायची असते. माझी विनंती उलटी आहे. माझ्या पेटीची काच एखाद्या पावसाळी दिवशी उघडी राहू द्या. ओल लागू द्या. ओल्या कातड्याचा आवाज निघत नाही.

अर्थात तसे होणार नाही. गेल्या वर्षी त्यांनी पेटीत ओल शोषणारे यंत्र बसवले. तज्ज्ञ मला तपासून गेले. माझे कातडे उत्तम स्थितीत आहे.