चमच्यातली पूड

वहिनी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली, तसं नणंदेनं कपाटातली चपटी डबी उघडली आणि चिमूटभर पांढरी पूड चमच्यात घेतली.

माहेरी आल्यापासून ती पाहत होती. संध्याकाळी वहिनी बाबांच्या पाण्यात या डबीतलं काहीतरी ढवळायची, आणि थोड्याच वेळात बाबा गाढ झोपायचे. झोपेच्या गोळ्या तर डॉक्टरांनी केव्हाच बंद केल्या होत्या. म्हाताऱ्याला गुंगीत ठेवलं की सून मोकळी! मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, तरी पूड जिभेवर ठेवायचा धीर होईना. पाण्याचे दोन थेंब टाकले, पूड विरघळली. त्यानं काय कळणार? विरघळलेलं कुठे जात नाही, पाणी आटवलं की परत मिळतं, हे ती मुलांना दरवर्षी सांगायची. तिनं चमचा सांडशीत पकडून गॅसवर धरला. पाणी आटलं. पांढरा थर उरला, मग तोही वितळला. इथवर वस्तू तीच होती. मग ती तांबूस झाली, फुगली, काळी ठिक्कर पडली. आता ती काही केल्या पुन्हा पांढरी होणार नव्हती. स्वयंपाकघरभर वास सुटला. करपलेल्या साखरेचा.

"वन्सं, काय जळतंय?"

कपड्यांचा ढीग छातीशी धरून वहिनी दारात उभी होती.

"डबीत साखर आहे?"

"पिठीसाखर." वहिनीनं ढीग खुर्चीवर ठेवला. "गोळी बंद झाली म्हटलं की रात्रभर येरझाऱ्या घालायचे. मग सांगितलं, आता गोळीऐवजी पूड मिळते. तुमच्या दादांनाही बोलले नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

तिनं मान वर केली नाही. नळाखाली चमचा घासत राहिली.

"विचारलं असतंत, तर सांगितलं असतं," वहिनी हळूच म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

आतून बाबांची हाक आली, "औषध आणताय ना?"

वहिनी जागची हलली नाही. शेवटी चमचा बाजूला ठेवून तिनंच हात पुसले, पेल्यात पूड ढवळली आणि आत नेली.

बाबांनी पेला उजेडात धरून पाहिला.

"आज तू? हल्ली मला शंका येते बघ. तू शिकलेली, तुला कळतं. खरं औषध आहे ना हे?"

ती त्यांच्या पलंगावर टेकली.

"हो बाबा. मी स्वतः तपासलंय."